पाण्याखालचे भयखेळ : भीती कोणती आणि मळमळ कोणती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर चढवायचा आभासी जगाचा पडदा, त्यावर खेळल्या जाणाऱ्या भीतीच्या गेमबद्दल मराठी वृत्तपत्रांत अधूनमधून जे छापून येते, त्याचा सूर बहुधा ठरलेला असतो : मुले घाबरतात, सबब हे खेळ वाईट. पाण्याखालच्या गेमबाबत हा सूर आणखी चढतो. हेडसेट काढल्यावर मूल पांढरेफटक पडलेले असते, उमासे काढत असते, आणि पालक म्हणतात, ‘बघा, किती घाबरलाय!’ बहुतेक वेळा तो घाबरलेला नसतो. घाटात गाडी लागते तसा त्याला हेडसेट लागलेला असतो. या दोन गोष्टींची गल्लत होते तोवर उपायही चुकत राहणार, म्हणून हे सविस्तर पत्र. यातले काही पालकांसाठी आहे, काही मॉलमधले व्हीआर झोन चालवणाऱ्यांसाठी आणि काही तारकर्ली-मालवणला स्कूबा (पाठीवर हवेचे सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणे) करायला येणाऱ्यांसाठी. गेममध्ये अंगवळणी पडलेली एक सवय खऱ्या पाण्यात जिवावर बेतू शकते.

आधी लागण्याचे कारण. घाटात मोबाइलमध्ये डोके घालून बसले की तोल सांभाळणाऱ्या आतल्या कानाला वळणे कळतात, डोळ्यांना मात्र स्थिर पडदा दिसतो. व्हीआरमध्ये नेमके उलटे होते : डोळ्यांना आपण सरकतोय असे दिसते आणि कान सांगतो की आपण खुर्चीत बसलोय. दोन्ही साक्षी जुळत नाहीत आणि पोट ढवळते. याचा धैर्याशी किंवा ‘मनाच्या खंबीरपणाशी’ काहीही संबंध नाही. भुताच्या गोष्टीला न घाबरणारा धट्टाकट्टा माणूस पाच मिनिटांत गार पडतो आणि एरवी भित्री म्हणून ओळखली जाणारी मुलगी तासभर मजेत खेळते, हे नेहमीचे आहे.

यात पाण्याची भूमिका मोठी गमतीची आहे, कारण पाणी व्हीआरला एकाच वेळी फायद्याचे आणि तोट्याचे ठरते. फायदा असा की पाण्यात मुळातच लांबचे दिसत नाही. दहा-पंधरा मीटरपलीकडे सगळे हिरवे-निळे धूसर होते. त्यामुळे गेम बनवणाऱ्याला लांबचे जग रंगवावे लागत नाही आणि नेमके त्या धूसरात काय आहे ही भीती फुकटात मिळते. डायव्हरच्या डोक्यावर हेल्मेट असते, म्हणजे नजरेच्या कडेला कायम एक स्थिर चौकट राहते; मेंदूला धरायला आधार मिळतो आणि मळमळ कमी होते. हालचाल संथ असते, पळापळ नसते.

तोटा हा की पाण्यात वर-खाली, पुढे-मागे, तिरके असे सगळीकडे तरंगता येते आणि अशा तरंगण्याची आतल्या कानाला घरात बसून कसलीच खूण मिळत नाही. त्यातच पाण्यातले बारीक कण, बुडबुडे, प्लवक (तरंगणारे सूक्ष्म जीव) सतत डोळ्यांच्या कडेने मागे सरकत असतात. कडेच्या नजरेला सरकणारे ठिपके दिसले की वेगाचा भास सर्वांत जास्त होतो. सगळ्यांत वाईट जागा म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग. लाटांबरोबर क्षितिज वर-खाली होते आणि होडी लागण्याची सगळी सामग्री जमून येते. पोहण्याच्या गेममध्ये ज्याला त्रास होतो, त्याला तो खोल पाण्यापेक्षा डोके पाण्याबाहेर काढल्यावर जास्त होतो, हे लक्षात ठेवावे. श्वास घेऊन लगेच खाली जावे, लाटांवर रेंगाळू नये.

आता गेमविषयी, कारण ‘पाण्याखालचा भयखेळ’ म्हणून सगळ्यांना एकाच पंगतीत बसवणे बरोबर नाही. ‘ऑनर कोड’ या छोट्या स्टुडिओचा ‘नार्कोसिस’ २०१७ मध्ये आला. समुद्रतळाशी भूकंप होऊन तिथले केंद्र उद्ध्वस्त झालेले, आणि खेळणारा एका अवजड डायव्हिंग सूटमध्ये अडकलेला. हातात चाकू आणि थोड्या मशाली, बाकी काही नाही. त्याचा मुख्य काटा ऑक्सिजनचा आणि तो भीतीशी बांधलेला : काही भयंकर दिसले, कुणी अंगावर आले की श्वास फुलतो आणि ऑक्सिजन झपाट्याने उतरतो. हा गेम साध्या स्क्रीनवरही खेळता येतो, पण तो हेडसेटमध्येच समजतो. हेल्मेटची काच नाकासमोर असते, आतले दिवे दिसतात, पाऊल जड पडते. चालणे संथ आणि चौकट स्थिर असल्यामुळे पोटाला त्रास तुलनेने कमी आणि काळजाला जास्त. लहान मुलांना तो मुळीच देऊ नये. त्यातली प्रेते आणि भास मोठ्यांसाठीच आहेत.

‘सबनॉटिका’चे उलटे आहे. अननोन वर्ल्ड्सचा हा गेम जानेवारी २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात बाहेर आला आणि त्यात बंदुका नाहीत, रक्तपात जवळपास नाही. अमेरिकेतल्या मानांकनात तो दहा वर्षांवरील मुलांसाठी आहे. साध्या स्क्रीनवर हे मानांकन योग्य आहे. हेडसेटमध्ये मात्र तोच गेम दुसराच होतो, कारण तिथे आकार खरे वाटतात. ऑरोरा या कोसळलेल्या अवकाशजहाजाच्या आसपास रीपर लेव्हायथन नावाचा प्राणी फिरतो. त्याची आरोळी आधी ऐकू येते, तो दिसतो नंतर आणि दिसतो तेव्हा बसएवढे डोके अंगावर येते. मानांकन देणारे स्क्रीनवरचा मजकूर बघतात, हेडसेटमधला आकार बघत नाहीत. पालकांनी डब्यावरचा आकडा वाचून निर्धास्त होऊ नये ते यासाठी.

सबनॉटिकाची व्हीआर सोय जुनी आणि अर्धवट आहे, हेही सांगायला हवे. ती बसून खेळण्यासाठी आहे, हातातले व्हीआर कंट्रोलर ती ओळखत नाही, साधा गेमपॅड लागतो. हातातली माहितीपाटी उघडली की ती डोळ्यांच्या फार जवळ येते आणि वाचताना डोळे ताणतात. हेडसेटच्या भिंगांची रचना साधारण सव्वा ते दोन मीटरवर नजर ठरेल अशी असते. अर्ध्या मीटरच्या आत आलेली अक्षरे डोळ्यांना आत वळायला लावतात आणि दहा मिनिटांत कपाळ ठणकू लागते. म्हणून पाटी उघडायची, हवे ते चटकन पाहायचे आणि बंद करायची. पुढचा भाग ‘बिलो झीरो’ २०२१ मध्ये आला, त्यात व्हीआरची सोय ठेवलेलीच नाही. नवख्याने उघड्या पाण्यात पोहण्यापेक्षा लवकरात लवकर ‘सीमॉथ’ ही छोटी पाणबुडी बनवावी. तिच्या काचेची चौकट हेल्मेटचेच काम करते. तिची मर्यादा सुरुवातीला २०० मीटर आहे, त्याखाली गेलात तर कवच चेपू लागते.

पहिल्यांदाच हेडसेट घालणाऱ्याला मात्र या दोन्हींपैकी काहीच देऊ नये. २०१६ मधल्या ‘द ब्लू’ या अनुभवात माणूस बुडालेल्या जहाजाच्या डेकवर नुसता उभा राहतो आणि एक देवमासा शेजारून जातो, त्याचा डोळा हातभर अंतरावर येतो. पाय जिथे आहेत तिथेच राहतात, म्हणून मळमळ नाही. पोटात गोळा मात्र नक्की येतो. प्लेस्टेशनच्या ‘व्हीआर वर्ल्ड्स’मधला ‘ओशन डिसेंट’ही याच पठडीतला : पिंजरा खाली उतरतो, शार्क येतो, आपण गज धरून उभे. पिंजऱ्याचे गज ही इथली स्थिर चौकट. देवमासा, मग पिंजरा, मग पाणबुडी, मग पोहणे या क्रमाने गेले तर बहुतेकांना काही होत नाही. व्हीआर झोनमध्ये मात्र गर्दी खेचायची म्हणून सर्वांत भीषण गेम पहिल्याच माणसाला चढवला जातो.

हातांनी पाणी कापत पोहायचे गेमही आहेत, उदाहरणार्थ २०१९ चा ‘फ्रीडायव्हर : ट्रायटन डाउन’. हात खरोखर मारल्यामुळे शरीराला हालचालीचा काहीतरी हिशेब लागतो आणि पुष्कळांना कंट्रोलरवरच्या काडीने सरकण्यापेक्षा हे सोसते. पण आपल्या घरांत याला एक वेगळाच धोका आहे : छताचा पंखा. वर पोहायचे म्हणून दोन्ही हात डोक्यावर नेले की उंच माणसाचा कंट्रोलर सरळ पात्यांत जातो. हेडसेटची सुरक्षारेषा जमिनीवर आखली जाते, छताचे तिला काही कळत नाही. असा गेम एकतर खुर्चीत बसून खेळावा किंवा पंखा बंद करून. मोकळी जागा किमान २ बाय २ मीटर हवी, आणि मनगटाचा पट्टा घातल्याशिवाय कंट्रोलर हातात देऊच नये. घाबरलेला हात सुटतो आणि तो नेहमी टीव्हीच्या दिशेनेच सुटतो.

आणि ‘सोमा’. २०१५ चा फ्रिक्शनल गेम्सचा हा गेम समुद्रतळावरच्या ओस पडलेल्या केंद्रात घडतो. त्याला अधिकृत व्हीआर नाही आणि नाही तेच बरे. त्याची भीती विचाराची आहे, अंगावर येण्याची नाही. २०१७ च्या अखेरीस त्यात राक्षस इजा करणार नाहीत असा सुरक्षित पर्यायही आला. ज्यांना हेडसेट सोसत नाही, पण पाण्याखालची भीती अनुभवायची आहे, त्यांनी अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून हाच खेळावा.

भीती कोणती आणि मळमळ कोणती, हे बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कसे ओळखता येईल? भ्यालेला माणूस आवाज करतो. किंचाळतो, हसतो, शेजाऱ्याचा हात घट्ट धरतो, हेडसेट खसकन वर करतो. त्याची छाती धडधडते, तळवे घामेजतात, पण हेडसेट काढल्यावर दोन-चार मिनिटांत तो पूर्वपदावर येतो आणि ‘परत एकदा’ म्हणतो. ज्याला हेडसेट लागला आहे तो गप्प होतो. हीच पहिली खूण. बोलणे थांबते, हालचाल कमी होते, जांभया किंवा ढेकरा येऊ लागतात, तोंडाला पाणी सुटते, कपाळावर आणि वरच्या ओठावर थंड घाम दिसतो, ओठ फिके पडतात. काढल्यावरही अर्धा तास, कधी संध्याकाळपर्यंत डोके जड राहते. म्हणून किंचाळणाऱ्या मुलाची चिंता करू नये, गप्प झालेल्या मुलाचा हेडसेट ताबडतोब उतरवावा.

सिम्युलेटरने होणारा त्रास मोजण्यासाठी १९९३ पासून १६ लक्षणांची एक प्रश्नावली वापरात आहे. प्रत्येक लक्षणाला शून्य ते तीन असे गुण दिले जातात. व्हीआर झोनवाल्यांनी तेवढी सगळी विचारण्याची गरज नाही. खेळण्याआधी आणि नंतर डोके, डोळे, पोट आणि तोल या चार गोष्टी विचारल्या तरी पुरे. आधीच सर्दी, अपुरी झोप, पित्त किंवा उलट्यांचा त्रास असेल तर त्या दिवशी नाही म्हणावे. भरपेट जेवून लगेच नको, उपाशीपोटीही नको. पहिला डाव दहा मिनिटांचा. ‘थोडे सोस, सवय होईल’ असे म्हणून रेटणे सर्वांत घातक. सवय होते ती थोडे थोडे करून, अनेक दिवसांत. एकदा उमासे येईपर्यंत ताणले तर पुढच्या वेळी नुसत्या हेडसेटच्या वासानेही मळमळते. खेळून झाल्यावर पूर्ण बरे वाटेपर्यंत, निदान अर्धा तास तरी, दुचाकी हाती घेऊ नये. हे शेवटचे वाक्य प्रत्येक व्हीआर झोनच्या दारावर लावण्यासारखे आहे.

आता यंत्राकडे वळतो, कारण निम्मा त्रास यंत्र नीट न लावल्याने होतो. दोन बुबुळांमधले अंतर ही पहिली गोष्ट. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते. मेटा कंपनीच्या क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये ५८, ६३ आणि ६८ असे तीनच टप्पे आहेत, क्वेस्ट ३ मध्ये फिरवायचे चाक आहे. मोजायची सोपी रीत अशी : समोरच्याला लांब भिंतीकडे बघायला सांगा, पट्टी भुवयांखाली आडवी धरा, आणि एका डोळ्याच्या काळ्या वर्तुळाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या आतल्या कडेपर्यंत अंतर घ्या. बुबुळाच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजण्यापेक्षा हे अचूक येते. लहान मुलांचे अंतर अनेकदा ५८ पेक्षा कमी भरते, म्हणजे कितीही फिरवले तरी भिंग त्यांच्या डोळ्यांसमोर येतच नाही. मग चित्र दुहेरी किंवा पुसट दिसते, मूल डोळे ताणते आणि डोकेदुखीचे खापर गेमवर फुटते. मेटाने २०२३ मध्ये वयाची अट १३ वरून १० वर आणली, तीही पालकांच्या देखरेखीतील खात्यासह; सोनीची अट १२ ची आहे. झोनमध्ये पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या डोक्याला टॉवेल गुंडाळून पट्टा आवळतात, ते थांबलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट चित्रांचा वेग. सेकंदाला ९० चित्रे म्हणजे एका चित्रासाठी संगणकाला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. मान वळवल्यापासून चित्र वळेपर्यंत २० मिलिसेकंदांहून जास्त गेले की मेंदूला ते खटकते. पाण्याखालची दृश्ये संगणकाला फार जड जातात, कारण धुके, बुडबुडे, काच, प्रकाशाचे झोत हे सगळे अर्धपारदर्शक असते आणि एकावर एक रंगवावे लागते. वेळ पुरली नाही की हेडसेट दर दुसरे चित्र अंदाजाने बनवतो. हे कसे ओळखायचे? बुडबुड्यांकडे बघा. मान हलवताना बुडबुड्याच्या कडा थरथरल्या, हेल्मेटच्या चौकटीभोवती पाणी हलल्यासारखे दिसले, की समजायचे यंत्र मागे पडतेय. अशा वेळी गेममधला पाण्याचा आणि धुक्याचा दर्जा एक पायरी खाली आणावा. त्याने भागले नाही तर चित्राची स्पष्टता १०-१५ टक्के कमी करावी. चित्रांचा वेग कमी करण्याचा पर्याय सर्वांत शेवटी. सबनॉटिका हार्ड डिस्कवर असेल तर पोहताना जमीन अचानक उगवते आणि चित्र अडखळते. तो एसएसडीवरच (वेगवान साठवणीवर) टाकावा.

तिसरी गोष्ट अंधार. बऱ्याच स्वस्त हेडसेटमध्ये एलसीडी पडदा असतो आणि त्यावर खरा काळा रंग दिसतच नाही, राखाडी दिसतो. लोक मग चित्र उजळवतात आणि गेमची सगळी भीती धुऊन निघते. उजळवू नये. नाकाजवळच्या फटीतून येणारा उजेड थांबवावा. रबरी नाकपट्टी मिळते, नसेल तर खोलीतले दिवे मंद करावेत, पण पूर्ण अंधार करू नये, कारण हेडसेटचे कॅमेरे खोली बघूनच स्वतःची जागा ओळखतात. ओएलईडी पडद्यावर काळा रंग खरा असतो, मात्र काळ्यातून उजेडाकडे जाताना पुसट शेपटी ओढल्यासारखी दिसते. तो पडद्याचा स्वभाव आहे, बिघाड नव्हे.

कोकण-मुंबईच्या दमट हवेत भिंगावर वाफ धरते. भिंग थंड आणि चेहरा गरम, म्हणून. एसीच्या गार खोलीतला हेडसेट आणला तर तो चालू करून पाच मिनिटे तसाच ठेवावा, भिंग कोमट झाले की वाफ धरत नाही. पुसायला कोरडे मायक्रोफायबर कापड. भिंगाला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावला की त्यावरचा थर कायमचा जातो. हेडसेट कधीही उन्हात भिंगे वर करून ठेवू नये, ऊन एका बिंदूवर एकवटून आतला पडदा जाळते. झोनमध्ये चेहऱ्याला लागणारा स्पंज प्रत्येकाला वेगळा किंवा पुसता येणाऱ्या कातडी आवरणाचा असावा. डोळे येण्याच्या साथीत तर झोन बंद ठेवणेच शहाणपणाचे. समोर एक टेबलफॅन ठेवावा : चेहऱ्यावरच्या वाऱ्यामुळे आपले तोंड कुठे आहे हे शरीराला कळत राहते, आणि अनेकांची मळमळ कमी होते. फिट येणाऱ्यांनी मशाली आणि दिव्यांची लुकलुक असलेल्या या गेमपासून दूरच राहावे.

आता खऱ्या पाण्याविषयी. या गेमनी एक गोष्ट अतिशय खरी दाखवली आहे : भीती हवा खाते. १२ लिटरच्या सिलिंडरमध्ये २०० बार दाबाने (१ बार म्हणजे साधारण समुद्रसपाटीवरच्या हवेचा दाब) सुमारे २४०० लिटर हवा मावते. ५० बार राखीव धरले की वापरायला १८०० उरते. शांत डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला साधारण २० लिटर घेतो. २० मीटरवर दाब तिप्पट, म्हणजे ६० लिटर, म्हणजे अर्धा तास. तोच माणूस घाबरून दुप्पट वेगाने श्वास घेऊ लागला की पंधराच मिनिटे. नार्कोसिसचा ऑक्सिजनकाटा याच सत्यावर उभा आहे, आणि म्हणून तो मला या प्रकारातला सर्वांत प्रामाणिक गेम वाटतो. सबनॉटिकात सुरुवातीला ४५ सेकंदांचा श्वास मिळतो आणि खोलीमुळे हवा जास्त लागण्याचा नियम १०० मीटरनंतर सुरू होतो. खऱ्या सिलिंडरवर तो पहिल्या मीटरपासून लागू असतो.

घातक गोष्ट पुढची आहे. गेम शिकवतो की हवा संपत आली, की श्वास रोखा आणि सुसाट वर जा. स्कूबाच्या पहिल्या धड्याचा पहिला नियम याच्या बरोबर उलटा आहे : श्वास कधीही रोखू नका. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे सिलिंडरमधून छातीभर घेतलेली हवा श्वास कोंडून वर आणली तर वाटेत ती दुप्पट फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. त्यासाठी फार खोल जावे लागत नाही. भरलेल्या छातीने दीड मीटरहून कमी अंतर वर आले तरी इजा होऊ शकते. मालवण-तारकर्लीला न पोहणारी माणसेसुद्धा प्रशिक्षकाचा हात धरून काही मीटर खाली जातात, आणि नेमक्या याच खोलीत हवेचे आकारमान सर्वांत झपाट्याने बदलते. मास्कमध्ये पाणी शिरले, खारट घोट गेला, की बुजलेला माणूस श्वास कोंडून वर उसळी मारतो. गेमवर हात बसलेल्यांची तर बोटेही त्या उसळीला सरावलेली असतात.

तेव्हा खाली जाण्याआधी किनाऱ्यावरच तोंडात धरायच्या हवेच्या नळीने, म्हणजे रेग्युलेटरने, दोन-तीन मिनिटे न थांबता श्वास घेऊन सोडून पाहावा. उच्छ्वास श्वासाहून लांब असावा. काही बिनसले तर वर बघायचे नाही, प्रशिक्षकाकडे बघायचे आणि बुडबुडे सोडत राहायचे. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नको. कान प्रत्येक मीटरला नाक धरून मोकळे करायचे. कोणत्याही गेममध्ये कान दुखत नाहीत, समुद्रात पहिल्या दोन मीटरांतच दुखतात. सर्दी असेल तर पैसे गेले तरी चालतील, पाण्यात उतरू नये. फ्रीडायव्हिंगचा, म्हणजे सिलिंडरशिवाय दम कोंडून बुडी मारण्याचा, गेम खेळून आलेली मुले तरणतलावात दम कोंडण्याची शर्यत लावतात आणि त्याआधी भराभर खोल श्वास घेतात. त्याने ऑक्सिजन फारसा वाढत नाही, रक्तातला कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो, म्हणजे ‘आता श्वास घे’ अशी शरीराची हाक उशिरा येते आणि शुद्ध त्याआधीच हरपते. पाण्याखाली, कुणालाही न कळता. ही शर्यत कुठे दिसली तर तिथेच बंद करावी.

गेममधला आवाजही खोटाच असतो, पण तो खोटेपणा मी माफ करतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर जातो, हवेच्या चौपटीहून अधिक. दोन कानांतला फरक इतका कमी होतो की आवाज कुठून आला हे माणसाला कळतच नाही. गेममध्ये आरोळी डाव्या खांद्यामागून येते, खऱ्या समुद्रात ती सगळीकडून आली असती. खरे सांगायचे तर तेच अधिक भीतिदायक आहे आणि एखाद्या गेमने ते धाडस करावे. तसेच रंगाचे : तांबडा रंग पाच-सहा मीटरांतच विरतो, खोलवरचे रक्त हिरवट दिसते.

पुण्या-मुंबईत गेम बनवणारी मुले आहेत, त्यांनी अटलांटिकच्या तळाशी जाण्यापेक्षा आपल्या पाण्यात डोकावावे. १९७४ मध्ये सापडलेल्या मुंबई हायसारख्या तेलक्षेत्रांत सॅच्युरेशन डायव्हर काम करतात. ते समुद्रतळाइतक्या दाबाच्या पोलादी कोठडीत जहाजावरच आठवडेच्या आठवडे राहतात, श्वासाच्या हवेतल्या हीलियममुळे आवाज चिरका झालेला असतो, आणि ७०-७५ मीटरच्या कामानंतर दाब उतरवायला तीन-चार दिवस लागतात. जाड काचेपलीकडे सहकारी चहा पीत उभा दिसतो, पण दार उघडले तर मृत्यू. चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेची ‘मत्स्य ६०००’ पाणबुडी तीन माणसांना ६००० मीटरवर नेण्यासाठी बनते आहे : २.१ मीटर व्यासाचा टायटॅनियमचा गोळा, ८० मिलिमीटर जाडीची भिंत, १२ तासांची फेरी आणि अडचणीत ९६ तासांची हवा. स्थिर चौकट, बसून खेळणे, अपुरी हवा, बाहेर गडद अंधार. व्हीआरला जे जे सोसते ते सगळे यात आयतेच आहे.

आपल्या पुरवणीकडे एक विनंती. गेमचे परीक्षण छापताना कथा आणि गुणांबरोबर एवढे जरूर द्यावे : बसून खेळायचा की उभे राहून, नजरेला स्थिर चौकट आहे की नाही, वळणे सलग की झटक्याने, मूळ गेम स्क्रीनसाठी होता की हेडसेटसाठी, आणि परीक्षकाला पहिली जांभई कितव्या मिनिटाला आली. पर्यटनाच्या पानावर मालवणचे फोटो छापता, तिथेच ‘श्वास रोखू नका’ हे तीन शब्द ठळक टाइपात टाकावेत. पावसाळा संपून डुबक्या सुरू होण्याआधीच्या अंकात टाकले तर अधिक उपयोगाचे होईल.

आपला,
एक वाचक, मालवण (जि. सिंधुदुर्ग)